जुन्या डेस्कटॉपवरचा कोहा सर्व्हर नव्या यंत्रावर: डेबियन पुन्हा न बसवता केलेलं स्थलांतर

तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाचं ग्रंथालय. पुस्तकांची देवघेव, सभासद-नोंद आणि शोधतालिका 'कोहा'वर चालते. न्यूझीलंडमध्ये सुरू झालेली आणि २००० सालापासून वापरात असलेली ही मुक्त ग्रंथालय प्रणाली डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींवर उत्तम चालते. इथला सर्व्हर म्हणजे एक साधा डेस्कटॉप: इंटेल कोअर आय५-३४७०, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची साटा हार्ड डिस्क. त्यावर २०१९ साली डेबियन १० बसवलं होतं. पुढे तेच जागच्या जागी ११ आणि मग १२ पर्यंत वाढवत नेलं. डिस्कवर डेटा ६२ जीबी.

डिस्कच्या स्मार्ट अहवालात, म्हणजे डिस्कने ठेवलेल्या स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदीत, 'करंट पेंडिंग सेक्टर' हा नीट वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा शून्यावरून ८ वर गेला आणि नवं यंत्र घ्यायचं ठरलं. रायझन ५ ५६००जी, बी५५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी. बोर्डावरच रिअलटेक आरटीएल८१२५ हे अडीच गिगाबिटचं नेटवर्क कार्ड. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

नव्या यंत्रावर डेबियन नव्याने बसवून कोहाचा बॅकअप उतरवणं हाही रास्त मार्ग होता. 'कोहा-डंप' हा बॅकअपचा प्रोग्राम डेटाबेस, साइटची सेटिंग्ज आणि अपाची या वेब सर्व्हरची फाइल सोबत घेतो. पण इथे क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या) नोंदी, फायरवॉल, हार्ड लिंकवर (एकाच फाइलला अनेक नावं) चालणारे रोजचे स्नॅपशॉट, मराठी पावत्यांसाठी बसवलेले फाँट आणि छपाईच्या स्क्रिप्ट असं बरंच काही डंपच्या बाहेर होतं, आणि त्याची यादी कोणाकडेही नव्हती. म्हणून अख्खी प्रणाली उचलून नेली. डंप मात्र आधी घेऊन पेनड्राइव्हवर ठेवला. स्थलांतर फसलं तर परतीची वाट तीच.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट हवी. डेबियनच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, बहुतेक यंत्रांचे ड्रायव्हर आधीपासून असतात, त्यामुळे प्रोसेसर आणि बोर्ड बदलल्याने लिनक्स सहसा अडत नाही. ते अडतं, जिथे जुन्या यंत्राचं काहीतरी लिहून ठेवलेलं असतं तिथे: डिस्कचा क्रमांक, कार्डाचं नाव, बूट होण्याची पद्धत, कधीकाळी कोणीतरी हाताने टाकलेली एखादी ओळ. या प्रकरणातला प्रत्येक अडथळा याच जातीचा होता.

पहिला प्रयत्न का फसला

कर्मचाऱ्यांनी आधी जुनी डिस्क काढून थेट नव्या बोर्डाला लावली. सेटअपमध्ये डिस्क दिसते, पण बूट यादीत येत नाही. कारण साधं आहे. ही प्रणाली जुन्या बायोस पद्धतीने बसवलेली, एमबीआर या जुन्या विभाजन-तक्त्याची. बूटलोडरचा (प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) पहिला तुकडा डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये. नव्या बोर्डाचं यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) त्या सेक्टरकडे बघतच नाही. त्याला फॅट३२ मध्ये बांधलेलं ईएफआय विभाजन आणि त्यातली ईएफआय फाइल हवी. बोर्डाच्या सेटअपमध्ये 'सीएसएम' हा जुन्या पद्धतीचा पर्याय असतो खरा, पण प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम चालत असेल तर बऱ्याच बोर्डांवर तो चालू होत नाही. चालू झाला तरी त्यावर विसंबू नये. सर्व्हर पुढची कित्येक वर्षं चालायचा आहे, तेव्हा त्याला आजच यूईएफआयवर आणलेलं बरं.

याच कारणासाठी 'डीडी'ने डिस्कची जशीच्या तशी प्रत काढणं इथे निरुपयोगी होतं. प्रतीबरोबर एमबीआरही येतो आणि ईएफआय विभाजनाला जागा उरत नाही. शिवाय दोन्ही डिस्कवर तोच यूयूआयडी, म्हणजे विभाजनाचा ओळख-क्रमांक, राहतो. दोन्ही एकाच यंत्राला जोडलेल्या असताना कर्नल त्यातली कुठली माउंट करेल, म्हणजे वापरासाठी जोडेल, याचा भरवसा नसतो. नव्या डिस्कवरून बूट झाल्यासारखं वाटतं आणि नोंदी जुनीवर पडत राहतात. डिस्क खूपच खराब असती तर मात्र 'डीडीरेस्क्यू'ने प्रतिमा काढून, त्या प्रतिमेतून फायली घेतल्या असत्या. आठ सेक्टरांसाठी तेवढी गरज नव्हती. इथे फायली एकेक करून नेणारा 'आरसिंक' वापरला. त्याचा फायदा असा, की कुठली फाइल वाचता आली नाही ते तो नावानिशी सांगतो. इथे ती एक जुनी, कॉम्प्रेस केलेली लॉग फाइल निघाली आणि प्रश्न तिथेच संपला.

जुनं यंत्र चालू असतानाची तयारी

जुन्या यंत्रावर फक्त भर घालायची, तिथून काहीही काढायचं नाही. काढण्याची सगळी कामं नव्या डिस्कवरच्या प्रतीत. म्हणजे मध्येच काही बिघडलं तर जुनी डिस्क जुन्या यंत्रात परत लावून सकाळी देवघेव सुरू करता येते.

भर कसली? आधी फर्मवेअर, म्हणजे उपकरणात भरावा लागणारा छोटा प्रोग्राम. ५६००जीच्या ग्राफिक्सला 'एएमडीजीपीयू' ड्रायव्हर लागतो आणि त्या ड्रायव्हरला फर्मवेअर. ते नसेल तर बूट होताना पडदा मध्येच गोठतो किंवा काळा होतो, आणि यंत्रच चालू झालं नाही असा समज होतो. डेबियन १२ पासून ही फर्मवेअर पॅकेजं 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या स्वतंत्र विभागात आहेत. ११ वरून वर आलेल्या प्रणालीच्या सोर्सेस फाइलमध्ये बहुधा जुना 'नॉन-फ्री' एवढाच शब्द असतो. इथेही तसंच होतं. तो नवा विभाग जोडून एएमडी ग्राफिक्सचं फर्मवेअर, रिअलटेकचं फर्मवेअर आणि एएमडीचं मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्या) अशी तीन पॅकेजं बसवली. इंटेलचं मायक्रोकोड पॅकेज तसंच राहू दिलं. दोन्ही एकत्र नांदतात.

मग यूईएफआयचा ग्रब (हाच तो बूटलोडर), त्याच्या आधी चालणारा साइन केलेला शिम आणि ईएफआय बूट मॅनेजर ही पॅकेजं नुसती उतरवून ठेवली, 'डाउनलोड-ओन्ली' पर्यायाने. नव्या यंत्रावर नेटवर्क चालेलच असं नाही, आणि झालंही तसंच. ती जुन्या यंत्रावर बसवायची नाहीत, कारण यूईएफआयचा ग्रब बसताना बायोसचा ग्रब काढून टाकतो.

तिसरं काम शोधाचं, आणि सगळ्यात जास्त फळ याच कामाचं. सेटिंग्ज असलेल्या एटसी फोल्डरमध्ये 'ग्रेप' या शोध-आज्ञेने चार गोष्टी शोधल्या: 'एसडीए' हे डिस्कचं नाव, 'ईएनपी२एस०' हे नेटवर्क कार्डाचं नाव, जुन्या रूट (मुख्य) विभाजनाचा यूयूआयडी आणि स्वॅपचा (रॅम अपुरी पडली की वापरायच्या जागेचा) यूयूआयडी. जे हाती लागलं ते असं. एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत) रूट, स्वॅप आणि बॅकअपची बाहेरची डिस्क. 'इनिटरॅमएफएस-टूल्स'च्या (इनिटरॅमएफएस म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांची एकत्र बांधलेली फाइल) 'कॉन्फ.डी'मधल्या 'रिझ्यूम' फाइलमध्ये स्वॅपचा यूयूआयडी. 'इंटरफेसेस' फाइलमध्ये स्थिर आयपी, १९२.१६८.१.१०, जुन्या कार्डाच्या नावावर. एनएफटेबल्स या फायरवॉलच्या नियमांत तेच नाव. स्मार्टडी या डिस्कवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये 'एसडीए'. याखेरीज 'मॉड्यूल्स' फाइलमध्ये 'कोअरटेम्प', हा इंटेलच्या तापमानाचा ड्रायव्हर. एएमडीवर त्याची जागा 'के१०टेम्प' आपोआप घेतो, म्हणून ती ओळ नुसती काढायची.

हा शोध 'मॉडप्रोब.डी' या ड्रायव्हरांच्या सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये काही शोधून देऊ शकत नाही, कारण तिथे ड्रायव्हरांची नावं असतात, कार्डांची नव्हे. ते फोल्डर डोळ्यांनी वाचावं लागतं. या प्रकरणात ते वाचलं गेलं नाही.

प्रत काढणं

सुट्टीचा दिवस. आधी डेटाबेसमध्ये ग्रंथ, प्रती, सभासद आणि चालू देवघेव या चार तक्त्यांतल्या ओळींचे आकडे कागदावर उतरवले. मग अपाची, कोहा आणि मारियाडीबी (कोहाचा डेटाबेस) थांबवून जुनं यंत्र व्यवस्थित बंद केलं. चालू डेटाबेसच्या फायलींची प्रत काढली तर ती अर्धवट अवस्थेतली निघते. मारियाडीबी नीट बंद झालेली असेल तर फायली जशाच्या तशा नेता येतात आणि झेब्रा या शोध-प्रोग्रामची सूची पुन्हा बांधावी लागत नाही.

जुनी डिस्क नव्या बोर्डाच्या साटा पोर्टला लावली आणि डेबियनच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून यंत्र चालू केलं. पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीनेच बूट झालेला हवा. 'सिस/फर्मवेअर/ईएफआय' हे फोल्डर असलं तर झालेला आहे. नसलं तर पुढे ग्रब बसवताना ईएफआय व्हेरिएबल्स उपलब्ध नाहीत अशी तक्रार येते आणि लोक भलतीकडेच कारण शोधत बसतात.

एसएसडीवर जीपीटी हा नव्या पद्धतीचा विभाजन-तक्ता, ५१२ एमबीचं ईएफआय विभाजन फॅट३२ मध्ये, ४ जीबी स्वॅप, उरलेलं सगळं रूटसाठी एक्स्ट४ मध्ये. जुनी डिस्क फक्त वाचनासाठी माउंट केली. आरसिंकला पर्याय दिले लहान 'ए', मग मोठे 'एच', 'ए' आणि 'एक्स', शिवाय 'न्यूमेरिक-आयडीज'. यातलं मोठं 'एच' विसरलं की स्नॅपशॉटमधली प्रत्येक हार्ड लिंक स्वतंत्र फाइल होते आणि ६२ जीबीचे काही शे जीबी होऊन डिस्क भरते. मोठं 'ए' एसीएलसाठी (फायलींच्या बारीक परवानग्या), मोठं 'एक्स' फायलींवरच्या केपेबिलिटीजसाठी (प्रोग्रामना दिलेले खास अधिकार). 'न्यूमेरिक-आयडीज'ची आकडी मालकी एकाच यंत्रात दोन डिस्क असताना फरक पाडत नाही. नेटवर्कवरून प्रत नेताना ती अत्यावश्यक, कारण तिथे दोन्ही बाजूंच्या वापरकर्त्यांचे क्रमांक वेगळे असू शकतात. सवय म्हणून नेहमी द्यावी. बंद डिस्कवरून प्रत काढत असल्याने 'प्रॉक', 'सिस', 'रन' ही फोल्डरं रिकामीच असतात. ती वगळायची गरज नाही. उलट ती रिकामी फोल्डरं नव्या डिस्कवर असायलाच हवीत.

छोट्या फायली लाखोंनी असल्या की हार्ड डिस्क फार हळू वाचते, म्हणून घाई करू नये. प्रत संपल्यावर तीच आज्ञा चेकसम आणि 'ड्राय-रन' जोडून पुन्हा चालवली. वाचता न आलेली ती लॉग फाइल सोडली तर फरक नव्हता.

नव्या प्रतीत शिरून केलेले बदल

'डेव्ह', 'प्रॉक', 'सिस' आणि 'रन' बाइंड करून (चालू प्रणालीतली फोल्डरं प्रतीत जोडून), ईएफआय विभाजन 'बूट/ईएफआय'वर माउंट करून चरूट केलं, म्हणजे प्रतीलाच चालू प्रणाली मानून आत शिरलं. 'सिस' बाइंड करताना 'आर-बाइंड' वापरलं, म्हणजे त्याच्या आतलं 'ईएफआयव्हार्स'ही सोबत येतं.

'बीएलकेआयडी'ने नवे यूयूआयडी घेऊन एफएसटॅब लिहिली. बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कपुढे 'नोफेल' जोडलं. हा शब्द नसेल आणि ती डिस्क लावलेली नसेल, तर बूट होताना दीड मिनिट वाट पाहून प्रणाली आणीबाणीच्या शेलमध्ये जाते. आणि रूटला पासवर्ड नसेल तर तो शेलही उघडत नाही. स्वॅपचा जुना यूयूआयडी राहिला तर बूट होतं, पण तेच दीड मिनिट खाऊन. 'रिझ्यूम' फाइलमधला जुना क्रमांक आणखी अर्धा मिनिट वाढवतो.

आधी उतरवलेली ग्रबची पॅकेजं बसवली. एसएसडीवर ग्रब टाकताना 'रिमूव्हेबल' मार्गावरही एक प्रत ठेवायला सांगितलं. काही बोर्ड बायोस अपडेट झाल्यावर किंवा सेल बदलल्यावर बूट यादी विसरतात. तेव्हा 'ईएफआय/बूट'मधली ही प्रत कामी येते.

मशीन-आयडी आणि दुरून लॉगिनसाठीच्या एसएसएच किल्ल्या तशाच ठेवल्या. हा सर्व्हर तोच आहे, फक्त शरीर नवं. जुनं यंत्रही पुढे नेटवर्कवर चालवायचं असतं तर मात्र दोन्ही नव्याने बनवावं लागलं असतं.

जुनी डिस्क काढली, पेनड्राइव्ह काढला आणि यंत्र चालू केलं.

इनिटरॅमएफएसचा कोरा प्रॉम्प्ट

ग्रब आला, कर्नल सुरू झालं, थोडा वेळ थांबलं आणि अमुक यूयूआयडी अस्तित्वात नाही असं म्हणत इनिटरॅमएफएसच्या प्रॉम्प्टवर येऊन बसलं. अशा वेळी एफएसटॅबमध्ये आकडा चुकला असं वाटतं आणि लोक तो पुन्हापुन्हा तपासतात. आधी बघायचं ते 'डेव्ह' हे उपकरणांचं फोल्डर. तिथे 'एनव्हीएमई'ने सुरू होणारं एकही नाव नव्हतं. म्हणजे क्रमांक बरोबर होता, डिस्कच कर्नलला दिसत नव्हती.

याचं मूळ २०१९ च्या इन्स्टॉलेशनमध्ये होतं. डेबियनचा इन्स्टॉलर तज्ज्ञ पद्धतीने चालवला तर इनिटरॅमएफएसमध्ये सगळे ड्रायव्हर घालायचे की फक्त या यंत्रापुरते, असं विचारतो. त्या वेळी दुसरा पर्याय निवडलेला होता. तो 'ड्रायव्हर-पॉलिसी' नावाच्या फाइलमध्ये 'मॉड्यूल्स=डेप' असा लिहिला जातो, आणि ही फाइल मुख्य सेटिंगवर मात करते. मुख्य फाइलमध्ये 'मोस्ट' लिहिलेलं दिसतं म्हणून माणूस निर्धास्त राहतो. जुन्या यंत्रात एनव्हीएमई नव्हतीच, तेव्हा जुन्या यंत्रावर बनलेल्या इनिटरॅमएफएसमध्ये तिचा ड्रायव्हर कुठून असणार? ग्रबची पॅकेजं बसवल्याने इनिटरॅमएफएस पुन्हा बनत नाही, म्हणून तीच जुनी प्रत बूटला आली.

पेनड्राइव्हवरून पुन्हा चरूट, 'ड्रायव्हर-पॉलिसी'मध्ये 'मोस्ट', आणि 'अपडेट-इनिटरॅमएफएस' सगळ्या कर्नलांसाठी. सगळ्या म्हणायचं कारण, पर्याय न देता ती आज्ञा फक्त सर्वांत नव्या कर्नलसाठी चालते. अडचणीच्या दिवशी जुनं कर्नल निवडलं की तोच प्रॉम्प्ट पुन्हा समोर. फाइल बरीच मोठी होते, पण 'बूट' वेगळं विभाजन नसल्याने इथे जागेचा प्रश्न नव्हता.

नेटवर्क कार्ड असून नसल्यासारखं

आता लॉगिनचा पडदा आला, पण नेटवर्क नाही. 'आयपी लिंक' या आज्ञेच्या यादीत फक्त 'एलओ', म्हणजे यंत्राचं स्वतःशीच बोलणारं आभासी कार्ड. कार्ड नवं आहे, डेबियन १२ चं ६.१ कर्नल जुनं पडत असेल, असा तर्क लगेच निघतो आणि माणूस नवं कर्नल शोधायला धावतो. तो तर्क चूक. आरटीएल८१२५ ला 'आर८१६९' हा कर्नलमधलाच ड्रायव्हर चालवतो आणि ६.१ मध्ये तो आहे.

'एलएसपीसीआय' लहान 'के' पर्यायाने चालवलं की प्रत्येक कार्डाखाली दोन ओळी येतात: कुठला ड्रायव्हर वापरात आहे, आणि कुठले मॉड्यूल उपलब्ध आहेत. इथे रिअलटेकखाली दुसरी ओळ होती, तीत 'आर८१६९' होतं. पहिली ओळ नव्हतीच. ड्रायव्हर आहे, कार्ड आहे, पण कोणीतरी दोघांना भेटू देत नाही. 'मॉडप्रोब.डी' उघडल्यावर खुलासा झाला. जुन्या यंत्रावरच्या आरटीएल८१११ कार्डासाठी कधीतरी 'आर८१६८-डीकेएमएस' हे पॅकेज (कर्नलबाहेरचा ड्रायव्हर यंत्रावरच बांधणारं) बसवलं होतं, आणि सोबत एका वेगळ्या फाइलमध्ये हाताने 'ब्लॅकलिस्ट आर८१६९' लिहिलं होतं. जुन्या कार्डाचं काम त्यावर सुरळीत चाललं. नव्या कार्डाला मात्र 'आर८१६८' चालत नाही आणि 'आर८१६९'वर बंदी.

पॅकेज पर्ज केलं, म्हणजे सेटिंग्जसह काढलं, तरी ही फाइल जात नाही, कारण ती कुठल्याच पॅकेजची नाही. 'डीपीकेजी'ला मोठ्या 'एस' पर्यायाने विचारलं की तसं कळतं. फाइल पुसली, पॅकेज काढलं, आणि पुन्हा इनिटरॅमएफएस बनवला. ब्लॅकलिस्टची प्रत त्यातही जाते. डीकेएमएस गेल्याचा आणखी एक लाभ असा, की सिक्युअर बूट चालू ठेवता आलं. तिथे सही नसलेली मॉड्यूल चालत नाहीत.

कार्ड 'ईएनपी४एस०' या नावाने उगवलं. हे नाव पीसीआय बसवरच्या जागेवरून ठरतं, म्हणून उद्या एखादं कार्ड वाढवलं की ते बदलू शकतं. सर्व्हरसाठी हे नको. 'सिस्टमडी/नेटवर्क'मध्ये एक '.लिंक' फाइल ठेवून मॅक पत्त्यावरून कार्डाला 'लॅन०' हे कायमचं नाव दिलं आणि 'इंटरफेसेस'मध्ये तेच लिहिलं. राउटरमध्ये जुन्या मॅकवर राखून ठेवलेली आयपीची नोंद होती, तीही बदलली.

फायरवॉलमध्ये जास्त सावध राहावं लागतं. एनएफटेबल्सच्या नियमात 'आयआयएफनेम' लिहिलेलं असेल तर नाव नसलं तरी नियम नुसता लागू होत नाही. पण 'आयआयएफ' लिहिलेलं असेल तर नियम भरतानाच ते कार्ड असावं लागतं; नसेल तर अख्खी फाइल नाकारली जाते आणि सर्व्हर कुठल्याही फायरवॉलशिवाय उघडा राहतो. इथे 'आयआयएफ'च होतं. ते 'आयआयएफनेम' केलं, नाव 'लॅन०' दिलं आणि भरलेले नियम प्रत्यक्ष वाचून खात्री केली.

कोहा सुरू करण्याआधी घड्याळ

नव्या बोर्डाच्या घड्याळावर विश्वास ठेवू नये. लिनक्स हार्डवेअरचं घड्याळ यूटीसी धरतं. सेटअपमध्ये कोणी भारतीय वेळ भरली असेल तर प्रणाली साडेपाच तास पुढे जाते. दुपारी चारच्या सुमारास भरली तर प्रणालीत रात्रीचे साडेनऊ. संध्याकाळी साडेसहानंतर काम केलं तर तारीखच उलटते. कोहात तारखेला पैशाचा अर्थ आहे: दैनिक क्रॉन थकबाकीचा दंड मोजतो आणि ठरावीक दिवसांपेक्षा जुने बॅकअप पुसतो. म्हणून मारियाडीबी, अपाची, कोहा आणि क्रॉन आधी बंद ठेवले, 'टाइमडेटसीटीएल'मध्ये वेळ आणि आशिया/कोलकाता हा विभाग तपासला, नेटवर्कवरून वेळ जुळू दिली, आणि मगच एकेक सेवा सुरू केली.

चारही तक्त्यांचे आकडे कागदाशी जुळले. शोधतालिकेत देवनागरी शीर्षक शोधून पाहिलं, एक पुस्तक देऊन परत घेतलं, पावती छापली. कोहाची आवृत्ती त्या दिवशी मुद्दाम वाढवली नाही. दोन बदल एकत्र केले की बिघाड कुणाचा ते कळत नाही. रॅम दुप्पट झाल्याने मारियाडीबीचा इनोडीबी बफर पूल (डेटाबेससाठी राखलेली रॅम) १२८ एमबीवरून २ जीबी केला. स्मार्टडीच्या सेटिंगमध्ये 'एसडीए'च्या जागी 'डिव्हाइसस्कॅन' लिहिलं, 'एफएसट्रिम'चा (एसएसडीला मोकळ्या जागा कळवणारा) टाइमर चालू केला. बोर्डाच्या सेटअपमध्ये वीज परतल्यावर यंत्र आपोआप चालू व्हावं हा पर्याय लावला. भारनियमनाच्या गावात तो नसेल तर दर वीजखंडानंतर कुणीतरी बटण दाबायला लागतं.

जुनी डिस्क महिनाभर कपाटात ठेवायची, पण नव्या यंत्राला जोडायची नाही. एक महिनाअखेरचा अहवाल आणि बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप उतरवून पाहण्याची एक चाचणी झाली की तिच्यावर एकदा पूर्ण शून्यं लिहायची. तिच्यात सभासदांची नावं, फोन नंबर आणि कोणी काय वाचलं याची नोंद आहे. पेंडिंग सेक्टरांवर लिहिता आलं नाही आणि 'डीडी' मध्येच त्रुटी देऊन थांबलं, तर ती भंगारात न देता प्लॅटर (आतल्या चकत्या) फोडूनच टाकावी.